गजाची डावी बाजू

वहिनींचा फोन आला तेव्हा मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होतो. सकाळचे साडेनऊ वाजले असतील. "भावोजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या. मी "आलोच" म्हणून फोन ठेवला आणि समोरच्या निबंधाला पाच गुण द्यावेत की सहा, याचा विचार करत दोन-तीन मिनिटं तसाच बसून राहिलो. अशा वेळी माणसाचं डोकं काय करील सांगता येत नाही... मग सहा दिले, स्कूटर काढली आणि रत्नागिरीहून पावसच्या रस्त्याला लागलो. पूर्णगडच्या अलीकडे आमचं गाव. पोचलो तोवर गजाला ओटीवर आणून ठेवलं होतं. अर्धा तालुका लोटला होता, अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती, आणि तरीही त्याच्या डाव्या बाजूला कोणी बसलं नव्हतं. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. गजाशी बोलायचं तर उजव्या अंगाला बसायचं ही गावाची इतक्या वर्षांची सवय होती, आणि तो बोलत नसला तरी ती मोडायचं कोणाला सुचलं नाही. मीही नेहमीसारखा उजवीकडेच जाऊन बसलो.

माझा मित्र गजानन एके काळी भारताच्या रग्बी संघाचा कप्तान होता. हे वाक्य मी रत्नागिरीत जितक्या वेळा उच्चारलंय तितक्या वेळा समोरच्याने "रग्बी म्हणजे ते अंड्यासारख्या चेंडूचं का?" असं विचारलंय. तेच. तो गेल्यावर मात्र ज्यांना चेंडूचा आकार माहीत नव्हता त्यांनीही भरभरून लिहिलं. फोटो आले, जुन्या मुलाखतींतले उतारे आले. ते वाचून बरं वाटलं. पण त्या सगळ्या मजकुरात एक वाक्य ठरलेलं होतं, की लहानपणी करवंदाचा काटा लागून डावा डोळा अधू झालेला असूनही या जिद्दी खेळाडूने वगैरे वगैरे. डोळा अधू होता हे खरं. जिद्दी होता हेही खरं. करवंदाचा काटा मात्र खोटा आहे. ते खोटं मला बेचाळीस वर्षं माहीत होतं आणि मी गप्प होतो, कारण त्या खोट्याच्या आडोशाला मीच उभा होतो.

आम्ही दहा वर्षांचे होतो. मे महिन्याची सुट्टी, गावाच्या वरचा सडा, नुसतं उघडं पठार, आणि तापलेल्या कातळावर विटीदांडू. दांडू माझ्या हातात होता. माझा टोला त्या दिवशी नको इतका बरोबर बसला. समोरून गजा उडी मारून झेलायला आला, विटी त्याच्या डाव्या डोळ्यावर बसली आणि तो डोळा दाबून मटकन खाली बसला. मी धावलो. बोटांच्या फटींतून रक्त येत होतं. आणि मी, लिहायला लाज वाटते, पण मला आधी आठवलं ते दापोली. माझे वडील गावच्या शाळेचे मुख्याध्यापक. माझ्या नावाची एक जरी तक्रार यापुढे आली तरी सरळ दापोलीला मामाकडे रवानगी, पुन्हा गाव बघायचं नाही, असा दम त्यांनी आठच दिवसांपूर्वी भरला होता, आणि ते बोलल्याप्रमाणे करणारे गृहस्थ होते. मी रडायला लागलो. ज्याला लागलं होतं तो रडत नव्हता. सडा उतरता उतरता गजानेच सगळं ठरवलं. "करवंदं काढाया जालीत शिरलो, फांदी सटकन सुटली नि काटा बसला. तू तितं नव्हतास. समाजलं?" मी मान हलवली. "तू दापोलीला गेलास तर मी खेलू कोणाशी?" असं तो वर म्हणाला. दहा वर्षांच्या मुलाचा हिशेब तेवढा साधा होता. डोळा गेला तरी चालेल, भिडू जाता कामा नये.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी डोळा वाचवला, नजर वाचली नाही. त्या डोळ्याला उजेड कळायचा, समोर काहीतरी हललं तर कळायचं, बाकी सगळं धुकं. डॉक्टर म्हणाले होते म्हणे, की काट्यापेक्षा मार बसल्यासारखं वाटतंय. गजा आपलं म्हणणं सोडायला तयार नव्हता. गजाच्या आईला मी काकी म्हणतो. ती एसटीतून उतरून घरी आली, कोयती घेतली आणि घरामागच्या दगडी गडग्याला लागून असलेली करवंदाची जाळी मुळापासून तोडली. तोडून पेटवली. त्यानंतर त्या घरात करवंद आलं नाही. पण जाळी ती जाळीच, पावसाळा सरला की पुन्हा कोंब फुटायचे, आणि दर कार्तिकात काकी कोयती घेऊन मागच्या दारी जायची. पुढे तिचे हात चालेनासे झाले तेव्हा तिने ते काम मला सांगितलं. "विन्या, जाली वाडलीय. कदी येतोस?" ज्या जाळीने काहीही केलं नव्हतं ती जाळी मी गेली पंधरा वर्षं दर कार्तिकात तोडत आलो. ओटीवर गजा बसलेला असायचा. त्याची खुर्ची डाव्या अंगाने भिंतीला चिकटवलेली, म्हणजे डावीकडून कोणी यायलाच नको. मी घामाघूम होऊन पुढे आलो की तो उजवा डोळा बारीक करून हसायचा. "झाली का फाशीची अंमलबजावणी, मास्तर?"

आता खेळाकडे येतो, कारण माणूस तिथेच पुरता दिसायचा. गावच्या कबड्डी संघात गजा डावा कोपरा सांभाळायचा. तो कोपरा त्याने हट्टाने मागून घेतला होता. तिथे उभं राहिलं की डाव्या अंगाला फक्त रेषा असते, जे काही यायचं ते समोरून आणि उजवीकडून. उजवा हात शेजारच्या गड्याच्या हातात असतो. मला हे कारण माहीत होतं, बाकीच्यांना वाटे की पोराला तो कोपरा लाभतो. चढाईला आलेल्याचा घोटा तो असा धरायचा की सोडवून नेणारा मी तरी पाहिला नाही. बारावीनंतर तो मुंबईला आत्याकडे गेला, एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये लागला आणि कंपनीच्या संघातून खेळू लागला. तिथे एका म्हाताऱ्या पारशी गृहस्थांनी त्याची घोट्याची पकड पाहिली. ते रग्बी शिकवायचे. त्यांनी सामना संपल्यावर याला बाजूला घेतलं आणि विचारलं, की हेच काम गवतावर, पळत्या माणसावर करशील का? गजाने मला पत्र लिहिलं होतं. "इथे एक म्हातारा भेटला. म्हणतो, माणसं पाडायची आणि वर शाबासकी. असा खेळ असतो हे आपल्याला कोणी आधी का सांगितलं नाही?"

त्याच्या पहिल्या सामन्याची गोष्ट त्याने मला निदान वीस वेळा सांगितली असेल आणि मी प्रत्येक वेळी हसलोय. रग्बीत चेंडू घेऊन समोरच्यांची शेवटची रेषा ओलांडायची आणि तो जमिनीला टेकवायचा, की झाले गुण. याच्या हातात चेंडू आला, हा सुटला. एकाला हुकवलं, दुसऱ्याला हुकवलं, रेषेपार गेला... आणि तिथून गर्रकन वळून, चेंडू छातीशी धरून, जीव तोडून मध्यरेषेकडे परत धावत सुटला. आपलेच गडी ओरडतायत, समोरचे भांबावून बघतायत, आणि हा मध्यरेषेला हात लावून, दोन्ही हात वर करून उभा. कबड्डीत चढाई करून परत आल्याखेरीज गुण नाही, हे त्याच्या पायांना इतकं पाठ होतं की डोक्याला विचारायला ते थांबलेच नाहीत. प्रशिक्षक हसून हसून बाकावर आडवे झाले. नंतर त्यांनी विचारलं, परत का आलास? गजाने शांतपणे सांगितलं, "परत आलो नाय तर गुण कसला?" कोकणातला माणूस मुंबईत जाऊन दुसरं काय म्हणणार! पुढे कितीतरी वर्षं त्या क्लबात कोणी चुकून मागे वळला की त्याला रत्नागिरीला निघालास का म्हणून चिडवत.

पण चूक एकदाच झाली. नंतर तो ज्या वेगाने तो खेळ शिकला त्याचं मला आजही नवल वाटतं. नियमांचं पुस्तक इंग्रजीत, ते तो कॅन्टीनच्या मागच्या ओट्यावर बसून शब्दकोशातून उलगडायचा आणि अडलेले शब्द मला पत्रातून विचारायचा. त्याने विंगरची जागा मागितली, तीही डाव्या कडेची. मैदानाच्या अगदी टोकाला, रेषेला चिकटून पळणारा गडी तो. त्याच्या डावीकडे काय, तर रेषा. जगाच्या पाठीवर कुठलंही मैदान असो, गजा आपल्या कबड्डीच्या कोपऱ्यातच उभा होता. मुंबईचा संघ, मग राज्याचा, मग देशाचा. निवडीच्या वेळी तपासणी झाली, पण तेव्हाच्या तपासण्या आजच्यासारख्या नव्हत्या. धावून दाखव, वजन कर, काही दुखतंखुपतं का? याने नाही म्हणून सांगितलं. ते चूक होतं आणि त्यालाही ते माहीत होतं. एकदा परदेशातल्या सामन्यात एक गडी त्याच्या आणि रेषेच्या मधून, नेमका धुक्यातून निसटला आणि गुण गेले, तेव्हा सबंध संघासमोर "माझी चूक" म्हणून तो मोकळा झाला. चूक कशी झाली ते मात्र सांगितलं नाही. त्या रात्री हॉटेलातून त्याने मला फोन केला. इकडचं तिकडचं विचारत राहिला, आणि परदेशातल्या फोनचं बिल आठवून मीच घड्याळ बघायला लागलो. शेवटी एवढंच म्हणाला, "विन्या, कदीतरी सांगाया लागेल रे."

मग तो कप्तान झाला. गावात पेढे वाटले, एसटी स्टँडावर फलक लागला, काकीने देवीची ओटी भरली. मी पेढे खाल्ले आणि मनातून घाबरलो. आता प्रत्येक डोळा त्याच्यावर असणार होता. डोळ्याचं बिंग फुटलं तर त्याचं कप्तानपद जाणार, आणि डोळ्याची गोष्ट निघाली की ती उकरता उकरता सड्यावर पोचणार. मी कॉलेजात असताना माझी आई गेली. तेव्हापासून माझ्या ताटात सणासुदीचं जे काही पडलं ते काकीच्या हातचं. माझ्या लग्नात मांडवात आईच्या जागी ती बसली होती. त्या बाईला मी काय सांगणार होतो? तुझ्या मुलाचा डोळा मी फोडला, आणि इतकी वर्षं तुझ्या हातचं जेवतोय? गजाला हे न बोलता कळायचं. "तू नको डोकं खाऊ," तो म्हणायचा. "आपली गोष्ट आपल्यात." कप्तान म्हणून तो कसा होता हे खेळातल्या जाणकारांनी लिहिलंच आहे. मला एक ठाऊक आहे. संघात देशभरातली पोरं, कोणी ओडिशाचा, कोणी बंगालचा, कोणी दिल्लीचा, एकाची भाषा दुसऱ्याला धड येत नाही. याने त्या सगळ्यांना जेवताना उठवून आपल्या शेजारी बसवायची पद्धत पाडली, दर जेवणाला नवा गडी. खेळाचा विषय काढायचा नाही. घरी कोण असतं, आई काय करते, तुमच्याकडे मासळी कशी करतात... असंच काहीबाही. पोरं त्याच्यावर जीव टाकायची. मात्र प्रत्येक जण त्याच्या उजवीकडेच बसायचा, आणि ते का, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

तो सामना पुण्यात होता, म्हणून मला जाता आलं. शेजारच्याच एका देशाशी गाठ होती. मी एसटीने रात्रभर हाडं खिळखिळी करून घेतली आणि सकाळी थेट मैदानावर गेलो. उत्तरार्धात आपण थोडे पुढे होतो आणि मधल्या फळीतला आपला दणकट गडी खांदा धरून खाली बसला. बदली खेळाडू एकच उरला होता. मधे कोणाला तरी उभं करणं भाग होतं, आणि मोकळा होता तो एकोणीस वर्षांचा, त्याच मोसमात आलेला, अंगाने काटकुळा पोरगा. समोरचे दांडगे गडी तिथूनच मुसंडी मारणार हे माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही दिसत होतं. गजा डाव्या कडेला सुरक्षित होता. त्याने काही न करता उभं राहायचं ठरवलं असतं तर कोणी बोट ठेवलं नसतं. त्याने हात वर करून सगळ्यांना गोळा केलं. गोल केला, डोकी जवळ आली. अर्धं मिनिट, फार तर एक मिनिट. वरून मला फक्त पाठी दिसत होत्या. मग गोल सुटला, तो काटकुळा पोरगा डाव्या कडेला गेला आणि गजा मैदानाच्या मधोमध येऊन उभा राहिला. मी बसल्या जागी उठून उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या डाव्या बाजूला रेषा नव्हती. निम्मं मैदान होतं, आणि ते त्याला दिसत नव्हतं.

आणि मग मला ऐकू आलं. आधी वाटलं, भास झाला. त्याच्या डावीकडचा तो ओडिशाचा पोरगा घसा फोडून ओरडत होता, "डावा! डावा!" मग दुसरा ओरडला, मग तो काटकुळा. पुण्याच्या मैदानावर, हिंदी-इंग्रजीच्या गलक्यात, अख्खा भारतीय संघ आमच्या गावच्या कबड्डीतली हाक मारत होता. आमच्या मंडळात चढाई डाव्या अंगाने आली की हीच हाक. त्याने गोलात काय सांगितलं ते मला नंतर कळलं. "मला डाव्या डोळ्याने दिसत नाही. लहानपणापासून. तिकडून कोणी आला की 'डावा' म्हणून ओरडा, बाकी मी बघतो." एवढंच. त्या वेळी कोणी प्रश्न विचारला नाही. शेवटची दोन-तीन मिनिटं उरली असताना त्यांचा सगळ्यात आडदांड गडी नेमका त्याच्या आंधळ्या बाजूने सुटला. हाक आली, आणि गजाने मान न वळवता, न बघता, नुसत्या आवाजावर डावीकडे अंग झोकून दिलं. त्या गड्याचा घोटा त्याच्या हातात आला. तो घोटा मी ओळखला! म्हणजे माणूस नव्हे, पकड ओळखली. आमच्या गावच्या कोपऱ्यातली पकड होती ती. गडी आडवा झाला, चेंडू निसटला, आपण सामना जिंकलो. शेजारचे अनोळखी लोक नाचत होते आणि मी रडत होतो. त्यांना वाटलं, देशप्रेम.

बाहेर मी त्याची वाट बघत उभा होतो. दीड तासाने तो खांद्याला पिशवी अडकवून आला. आत त्याने स्वतःच सगळं सांगून टाकलं होतं. प्रशिक्षकांना, निवड करणाऱ्यांना. दुसऱ्या दिवशी रीतसर तपासणी व्हायची होती, पण तपासणीत काय निघणार हे त्याला तपासणाऱ्यांपेक्षा जास्त माहीत होतं. "संपलं," तो म्हणाला. मी चिडलो. म्हटलं, एवढी वर्षं लपवलंस, आणखी दहा मिनिटं लपवलं असतंस तर काय बिघडलं असतं? तो म्हणाला, "त्या पोराला मधे उभा केला असता नि त्याची मान मोडली असती तर? माजा डोला काय, आदीच गेलेला हाय." मग म्हणाला, "घाबरू नको. काटाच सांगितलाय." मला त्या क्षणी त्याचा राग आला, आणि त्याहून जास्त माझा आला. पत्रकारांनाही त्याने काटाच सांगितला, ती बातमी कात्रणासकट गावात आली. काकीने ती वहिनींकडून दोनदा वाचून घेतली आणि त्या कार्तिकात जाळी जरा जास्तच खोल तोडली.

त्यानंतर तो फार वर्षं मुंबईत राहिला नाही. परत आल्याखेरीज गुण कसला! गावात येऊन त्याने पोरापोरींना रग्बी शिकवायला घेतलं. सड्यावर पडलं तर कातडी सोलून निघते, म्हणून मैदान कुठलं, तर ओहोटीला उघडी पडणारी किनाऱ्याची ओली वाळू. सरावाची वेळ घड्याळावर नसायची, भिंतीवरच्या पंचांगावर असायची. रोज पाऊण-एक तास पुढे सरकणारी. बाहेरून आलेले लोक विचारत, सराव किती वाजता? तो विचारायचा, आज तिथी कुठली? त्याच्या हाताखालच्या दोन मुली राज्याच्या संघात गेल्या तेव्हा तो माझ्या घरी रत्नागिरीत पेढे घेऊन आला होता आणि कप्तानपद मिळालं त्या दिवशीपेक्षा जास्त बडबडत होता. पोरांना पहिल्या दिवशी तो एकच गोष्ट शिकवायचा. पास नव्हे, टॅकल नव्हे. शेजारच्याला हाक मारायची.

गेल्या कार्तिकात मी नेहमीप्रमाणे कोयती घेऊन गेलो, तेव्हा पहिल्यांदाच त्याने मला अडवलं. खुर्चीतून न उठता म्हणाला, "यंदा राहू दे रे. किती मारशील बिचारीला?" मी म्हटलं, काकी विचारील. "मी बगतो तिचं," म्हणाला. मग आम्ही उगाच बसून राहिलो, मी त्याच्या उजवीकडे पायरीवर. समोर माडांतून खाडी दिसत होती. "तिला सांगून टाक," तो एकाएकी म्हणाला. "मी सांगितलं तर तुला भ्याड म्हणेल. तू सांगितलंस तर नाय म्हणणार." मी म्हटलं, सांगेन, शिमग्याला सांगेन. तीच आमची शेवटची निवांत भेट. शिमग्याच्या आधीच तो झोपेत गेला. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

तेराव्याला त्याचे जुने गडी आले होते. तो ओडिशाचा पोरगा आता केस पिकलेला गृहस्थ झालाय. काकीच्या पाया पडला. तिच्याशी बोलायला त्याच्याकडे भाषा नव्हती, म्हणून हात हातात घेऊन नुसतं "डावा" म्हणाला. मराठीतला त्याला येणारा तेवढा एकच शब्द. काकीने त्याच्या तोंडावरून हात फिरवला.

पाहुणे गेले, आणि चैत्राच्या सुरुवातीला काकीचा निरोप आला. "विन्या, जाली केवडी वाडलीय बगितलीस? कदी येतोस?" रविवारी गेलो. माळ्यावरची कोयती काढली आणि मागच्या दारी गेलो. दीड वर्ष कोणी हात न लावल्यामुळे जाळी कमरेच्या वर आली होती, आणि फांद्यांना हिरवी, टणक करवंदं धरली होती. बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा. काकी दारात उभी. मी कोयती उचलली आणि माझा हात खाली येईना. "काय झालं रे?" ती म्हणाली. मी वळलो आणि सांगितलं. सडा, दांडू, विटी, दापोली... मास्तर असून एक वाक्य धड बोलता आलं नाही. "काकी, काटा नव्हता. मी होतो."

ती आत निघून गेली. मी तिथेच कोयती धरून उभा. आतून भांड्याचा आवाज नाही, कसला आवाज नाही. संपलं, असं मला वाटलं. या घरातलं माझं ताट आज उचललं गेलं. बऱ्याच वेळाने ती पुन्हा दारात आली. माझ्याकडे न बघता ती जाळीकडे बघत राहिली, खालपासून वरपर्यंत. मग उंबऱ्यावर बसली. सत्त्याऐंशी वर्षांची बाई, बसायला तिला वेळ लागला.

"लागलं तवा रडला काय तो?" तिने विचारलं.

इतक्या वर्षांत मला हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारणार कोण? मी तिथे नव्हतोच ना.

"नाही रडला."

"मग काय बोलला?"

हे मी गजाशीही कधी पुन्हा बोललो नव्हतो. मी धावत त्याच्याजवळ गेलो तेव्हा त्याचा एक हात डोळ्यावर होता आणि दुसऱ्या हाताची मूठ त्याने वर धरली होती. त्याने ती उघडून दाखवली. मुठीत विटी होती. डोळ्यावर बसून उडालेली विटी त्याने खाली पडू दिली नव्हती.

"'बाद' म्हणाला," मी सांगितलं. "'झेल घेतला मी. तू बाद.'"

काकी हसली. आधी ओठांत, मग पदर तोंडाला लावून, मग खांदे हलायला लागले, आणि ते हसणं कुठे संपलं आणि रडणं कुठे सुरू झालं मला कळलं नाही. मीही तिच्यासमोर जमिनीवर बसलो होतो, कधी बसलो कोण जाणे. तिने डोळे पुसले, नाक ओढलं आणि माझ्या हाताकडे बघितलं.

"बाद झाला होतास ना?" ती म्हणाली. "मग अजून हातात काय धरलंयस? ठेव खाली."

मी कोयती खाली ठेवली. तिने ती उचलून आत नेली. आम्ही ओटीवर आलो. खुर्ची भिंतीला चिकटून होती तशीच होती. काकी चहा टाकायला आत गेली, आणि मी खुर्चीच्या उजव्या बाजूला, पायरीवर जाऊन बसलो.